अपडेटकाका

कर्जत स्टेशनात सकाळी कुणी इंडिकेटरकडे मान वर करून उभा दिसला तर तो खुशाल पाहुणा समजावा. रोजचा माणूस इंडिकेटर बघत नाही. तो मोबाइल बघतो, आणि मोबाइलमध्ये अपडेटकाका काय म्हणतायत ते बघतो.

कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर. खोपोलीहून निघालात तर वर आणखी पंधरा. ज्याचं घर इकडे आणि नोकरी तिकडे, त्याचे दिवसाचे चार-पाच तास लोकलच्या डब्यात जातात. एवढ्या वेळात माणसं नुसती शेजारी बसून राहत नाहीत. भजनं होतात, पत्ते होतात, दसऱ्याच्या आधी डब्याला झेंडूच्या माळा चढतात, कुणाच्या मुलीचं लग्न ठरतं, कुणाचं मोडतं. मग फोन आले आणि डबा फोनात गेला. आता डब्यातून उतरलं तरी डबा सुटत नाही. नेरळपासून खोपोलीपर्यंत असे ग्रुप किती असतील ते अॅडमिनांनाच माहीत. पण ग्रुप कुठलाही असो, त्यात एक अपडेटकाका असतातच.

ओळखायची खूण सोपी आहे. पहाटे सगळं गाव साखरझोपेत असताना ग्रुपवर पहिला मेसेज त्यांचा असतो. ‘पहिली राइट टाइम.’ सुविचार नाही, गुलाबाचं फूल नाही. शब्दांच्या बाबतीत काकांची काटकसर तारेच्या जमान्यातली आहे. ‘खोपोली सुटली.’ ‘डाऊन लेट.’ ‘वांगणी गर्दी.’ क्रियापद हे त्यांच्या दृष्टीने चैनीत मोडतं.

यातली गंमत अशी की काका रिटायर झालेले आहेत. डब्यात त्यांचा रीतसर निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ दिला, कर्जतचे वडे वाटले. सगळ्यांना वाटलं, आता बिचारे सुखाने झोपतील. दुसऱ्या दिवशी पहाटे, ‘पहिली राइट टाइम.’ पास संपला, अपडेट संपले नाहीत. घर भिसेगावात, रुळांच्या आवाजाच्या टप्प्यात. हॉर्नवरून गाडी ओळखतात. घाट चढायला मेलगाडीला मागून बँकर इंजिनं लागली की त्या धक्क्यावरून सांगतात, ‘इंद्रायणी हलली.’ (खरं तर कर्जतच्या वड्याचं नाव झालं ते याच थांब्यामुळे. भोर घाटाची चढण सदतीसास एक. 1863 पासून गाड्या इथे दम खातात, आणि गाडी दम खाते तोवर माणूस वडा खातो.)

ग्रुपात खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. माणूस ज्या स्टेशनावर चढतो तेच त्याचं नाव. शेलू, भिवपुरी, पळसदरी, लौजी. एका ताईंना सगळे ‘मंत्रालय’ म्हणतात, कारण त्या तिथे नोकरीला आहेत. सरकारच्या प्रत्येक निर्णयाचा जाब त्यांना ग्रुपवर द्यावा लागतो. चौकचे एक गृहस्थ ‘भावी’ म्हणून ओळखले जातात. पनवेल-कर्जत लोकलची मार्गिका 2016 साली मंजूर झाली, तेव्हापासून ते ‘पुढच्या वर्षी’ चौकहून बसणार आहेत. वावर्लेच्या अडीच किलोमीटरहून लांब बोगद्याची खोदाई सुरू असताना काका त्यांना नेमाने अपडेट द्यायचे. गाडी कधी सुरू होणार, या प्रश्नाला मात्र त्यांचं उत्तर कधी बदललं नाही : ‘बोगदा आहे, भावी. घाई करू नये.’

खालापूरकरांचं दुखणं वेगळंच. तालुका त्यांच्या नावाचा, बाजार खोपोलीत. बाहेरच्या माणसाला खालापूर म्हटलं की टोलनाका आठवतो, फार तर फूडमॉल. अष्टविनायकांतला महडचा वरदविनायक याच तालुक्यात आहे हे सांगावं, तर समोरचा म्हणतो, ‘हो का? आम्ही तर खोपोलीला उतरलो होतो.’ लाँग वीकेंडला एक्स्प्रेसवेवर गाड्या तुंबल्या की कर्जतवाले ग्रुपवर हळूच टाकतात, ‘आज खालापूर टीव्हीवर.’ खालापूरवाले याचा सूड उगवतात तो दुसऱ्या कर्जतवरून.

कारण कर्जत दोन आहेत. एक आपलं, रायगडातलं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, जामखेडशेजारचं. काकांच्या कारकिर्दीतल्या बऱ्याच आणीबाणी या दुसऱ्या कर्जतने आणल्या आहेत. ‘कर्जतमध्ये बिबट्याचा वावर, नागरिकांत घबराट’ ही बातमी काकांनी टाकली, तेव्हा दहिवलीच्या तिघांनी पोरांना क्लासला पाठवलं नाही. दुपारी उघड झालं की बिबट्या नगरचा. शेलूने लिहिलं, ‘काका, बिबट्या कुठल्या लोकलने येतोय?’ काकांचं उत्तर, ‘दौंडमार्गे.’ मतमोजणीच्या दिवशी तर नुसता गोंधळ. इकडचा मतदारसंघ कर्जत, तिकडचा कर्जत-जामखेड. टीव्हीवरच्या पट्टीत जामखेड येईपर्यंत काकांचं अभिनंदन करून झालेलं असतं.

पावसाळ्यात काकांचा भाव वधारतो. जूनचा पहिला पाऊस पडला रे पडला की मुंबईत असलेले जुने सहप्रवासी, त्यांचे मेव्हणे आणि मेव्हण्यांचे बॉस काकांना विचारायला लागतात, ‘धबधबे सुरू झाले का?’ या प्रश्नाचा काकांना मनस्वी राग आहे. ‘धबधबा काय नळ आहे का? नळच हवा तर पेज नदीवर या. टाटांच्या भिवपुरी वीजघराचं पाणी तिच्यात सुटतं, उन्हाळ्यातही वाहते.’ एरवी दोन शब्दांत बोलणारा माणूस इथे मात्र व्याकरणासकट लिहितो. आणि लगेच खाली धबधब्यांवर बंदी घालणाऱ्या आदेशाची प्रत टाकतो, शिक्क्यासकट. प्रशासन दर पावसाळ्यात असे आदेश काढतं. ते पूर्ण वाचणारा तालुक्यातला बहुधा हा एकच नागरिक.

पाणी मोजायचं काकांचं माप ठरलेलं आहे : सव्वीस जुलै. 2005 पासून दुसरं माप त्यांनी वापरलेलं नाही. ‘उल्हास नदी किती चढली, काका?’ ‘सव्वीस जुलैच्या कमरेएवढी.’ 2019 च्या 27 जुलैला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. त्या दिवसाबद्दल तुम्ही कुठल्याही ग्रुपातल्या काकांना विचारा, उत्तर एकच येईल, ‘मी आदल्या रात्रीच म्हटलं होतं.’

काकांचा खरा कस लागतो तो रात्री. कर्जतहून खोपोलीला जाणारी लाइन एकेरी, गाड्या मोजक्या. मुंबईहून येणारी लोकल दहा मिनिटं रखडली आणि खोपोली सुटली, तर पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर डास मारत बसायचं. अशाच एका धो-धो रात्रीचा हा नमुना.

‘काका, शेलूच्या अलीकडे उभी आहे. किती वेळ?’ लौजी विचारतो.

‘सिग्नल नाही.’

‘ते आम्हालाही दिसतंय.’

‘मग विचारलंस कशाला?’

‘काका, खोपोली थांबवली का?’

‘मास्तरांना सांगितलंय.’

‘कोणत्या मास्तरांना?’

इथे शेलू मध्ये तोंड घालतो, ‘शाळेतल्या.’ मंत्रालय हसण्याचे चार पिवळे चेहरे पाठवते. भिवपुरी म्हणतो, ‘एम-इंडिकेटर तर नेरळ दाखवतंय.’ काका भडकतात. ‘अॅपला रुळावरची म्हैस दिसत नाही.’ ‘तुम्हाला भिसेगावातून दिसते का?’ यावर थोडा वेळ काहीच येत नाही. मग दोन शब्द उमटतात.

‘खोपोली सुटली.’

आता कुणी हसत नाही. आणि नेमकं इथे काकांचं बोलणं लांबतं. ‘केळवलीचं कोण आहे? डोळवली? लौजी, तू उतरल्यावर पुलाखाली थांब, पळसदरी मागच्या डब्यात आहे. चौघं व्हा, मग रिक्षा सांगतो.’

‘भाडं किती होईल, काका?’

‘रात्रीचं, पावसाचं आणि तुमच्या तोंडाकडे बघून.’

रिक्षा येते. फलाटावर कधी एकमेकांशी न बोललेले चौघे दप्तरं मांडीवर घेऊन तिच्यात कोंबले जातात. पळसदरी उतरतो, ‘पोचलो.’ केळवली, ‘पोचलो.’ डोळवली नुसता अंगठा टाकतो, त्यावर काका, ‘अंगठा कशाला? लिहिता येतं ना?’ लौजीचा मेसेज आला नाही तर काका थेट त्याच्या घरी फोन लावतात. वहिनी सांगतात, जेवायला बसलेत. ‘मग लिहायला काय झालं होतं त्याला!’ असं म्हणून काका फोन ठेवतात. ठेवतात ते जरा रागानेच.

राग ही काकांची कायमची गोष्ट. वर्षातून दोनदा तरी ते ग्रुप सोडतात. कारण बहुतेक वेळा तेच : कुणीतरी वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट टाकून ‘काका, हे बघा बरं’ असं म्हटलेलं असतं. स्क्रीनवर करड्या अक्षरांत उमटतं की काका बाहेर पडले. मग सगळे अॅडमिनवर तुटून पडतात. अॅडमिन म्हणतो, दोन दिवस राहू दे, उतरेल. शनिवारी संध्याकाळपर्यंत हा करारीपणा टिकतो. मग कुणाला तरी आठवतं की उद्या मेगाब्लॉक आहे. मंत्रालय काकांच्या घरी फोन करून काकूंच्या हातच्या वालाच्या बिरड्याची चौकशी करते, अॅडमिन काकांना परत घेतो, आणि काका जणू काही झालंच नाही असं लिहितात, ‘ब्लॉक आहे. लवकर निघा.’

वेळेच्या बाबतीत काका दहा मिनिटं इकडे-तिकडे होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अॅप त्यांच्याहून अचूक आहे, हेही माहीत आहे. तरी आधी बघतात ते काकांकडेच. अॅपशी भांडता येत नाही, अॅप रुसत नाही, आणि लौजी जेवायला बसला की नाही याच्याशी अॅपला काही देणंघेणं नाही.

तेव्हा बदली होऊन इकडे घर घेत असाल, कुणाच्या ओळखीने अशा ग्रुपात शिरत असाल, तर एवढं पाळा. आल्याआल्या आपलं स्टेशन सांगा, नाव नाही सांगितलंत तरी चालेल. धबधब्यांचं विचारू नका. वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट चुकूनही टाकू नका. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी घरात शिरल्याबरोबर ‘पोचलो’ एवढं लिहाच. काकांना पहिल्या गाडीला उठायचं असतं.