डुक्कर फियाटचा जीर्णोद्धार

टोपी आली आहे. हातमोजेही आले, बोटांची टोकं उघडी ठेवणारे. गाडी तेवढी व्हायची आहे.

गाडी म्हणजे दादांनी, माझ्या वडिलांनी, जुनीच घेतलेली १९५७ ची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढची दारं उलटी उघडणारी. जाणकार तिला 'मिलेचेंतो' म्हणतात. मीही दाढी करताना तसं म्हणून बघतो. पण महाराष्ट्रात तिचं नाव डुक्कर फियाट, आणि नगरला आमच्या सावेडीत नुसतंच डुक्कर. "तुमचं डुक्कर अजून आहे का हो?" असं लग्नाच्या पंगतीत कोणी मोठ्यानं विचारलं, की माझ्या शेजारचा अनोळखी पाहुणा आपलं ताट जरा पलीकडे सरकवतो.

म्हणून जीर्णोद्धार. शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री काढला आणि कामाला लागलो. खाली मरून रंग, टपाला मलईचा. सीटला लेदर. डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एसी. जुन्या रेडिओच्या जाळीमागे ब्लूटूथचे स्पीकर. एका पानावर 'उभं राहणं' असा मथळा आहे: कोपर बॉनेटवर, नजर दूर, टोपी किंचित तिरकी. हे पान पूर्ण झालं आहे. इंजिनाच्या पानावर 'बघणे' एवढंच लिहिलंय.

मिस्त्रींना वही दाखवली. त्यांनी ती चाळली, परत दिली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली सरकले. मी आत बसून ऐटीत स्टिअरिंग धरलं होतं. खालून खरवडल्याचा आवाज आला आणि मग माझ्या दोन पायांच्या मधोमध स्क्रू ड्रायव्हरचं टोक वर आलं. "सायेब," खालून मिस्त्री म्हणाले, "पत्रा राहिलाच नाही. गाडी रंगावर उभी आहे."

नगरमध्ये असले बेत आखणं तसं धोक्याचं. इथे आर्मर्ड कोअरचं केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र, शिवाय लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई. त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर अधिकारवाणीनं बोलणारा एक तरी निवृत्त माणूस प्रत्येक गल्लीत असतोच. आमच्या गल्लीतले काका आमच्याच भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांनी चष्मा पुसून वही वाचली आणि म्हणाले, "एवढं सगळं करणार असलास तर व्हीए विसर."

व्हीए ही दोन अक्षरं कळल्यापासून मला झोप नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचे २० हजार भरले की नंबरात व्हीए. रॅलीवाले म्हणतात, दुसऱ्या महायुद्धानंतरची गाडी व्हिंटेज नव्हे, क्लासिक. आरटीओच्या बाजूनं तावातावानं भांडायची वेळ माझ्यावर आयुष्यात प्रथमच आली. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण गाडीच्या कागदांवर अहमदनगरच आहे. काका म्हणाले, "ते राहू दे. तेवढंच काय ते मूळ रूपात आहे."

आता मूळ रूपाचा विषय निघाला की मला रणगाडा संग्रहालयाबद्दल बोलावं लागतं. (ही म्हणते, कुठलाही विषय निघाला तरी बोलावं लागतं.) १९९४ मध्ये ते झाल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेत आलो आहे. चांदबीबीच्या महालाचा डोंगर पाहुण्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, असं मी सांगतो. गुडघे माझे असतात. चर्चिल, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, आपला विजयंता, सगळे ओळीनं उभे. पाहुण्यांची पोरं तोफांच्या नळ्यांकडे धावतात आणि मी थेट रोल्स-रॉइसकडे.

हो, नगरला रोल्स-रॉइस आहे, आणि ती चिलखती आहे. १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटल्यावर, ब्रिटिश नौदलाच्या विमानदळानं या गाड्या करायला घेतल्या. (नौदल, त्यात विमानं आणि त्यांना हव्यात मोटारी, काकांना विचारलं तर तासभर लागतो.) सिल्व्हर घोस्टच्या चासीवरची उमरावांची बॉडी उतरवली, पोलादी पत्रे चढवले, वर फिरता बुरूज, बुरुजात व्हिकर्स मशीनगन. सात लिटरहून मोठं ते इंजिन. आत बसलेल्या लॉर्डसाहेबांना त्याची चाहूलही लागू नये एवढी काळजी घेऊन बनवलेलं. तेच पुढे अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सबरोबर तुर्कांच्या मागे धावलं. आणि मी इथे ब्लूटूथच्या स्पीकरवरून अडलोय! काकांनाही तिथे नेलं आणि तिच्यासमोर उभं राहून विचारलं, "इतका फेरफार केलाय. हिला व्हीए मिळेल का?"

"नाही," काका म्हणाले. "पण हिला सांगायला जाईल कोण?"

जरा पुढे पॅटन आहे, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून घेतलेला. अमेरिकेच्या कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा त्याला परत करा, असं कोणी म्हणत नाही. तो पकडला गेला, हीच त्याची सगळी किंमत. तिकडे पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझादला मेहेरबाबांची निळी बस आहे, नुसती बॉडी, खाली चाकं नाहीत की पुढे इंजिन नाही. १९४९ मध्ये बाबा तिच्यात एकांतात राहिले. परदेशातून लोक तिच्या दर्शनाला येतात आणि ॲव्हरेज विचारत नाहीत.

हे सगळं मी काकांना ऐकवलं ते काही उगाच नाही. त्यांनी माझ्या वहीत लाल पेनानं एक यादी केली होती: काढून टाकायच्या वस्तू. डॅशबोर्डवरचा छोटा पंखा. मागच्या खिडक्यांच्या पडद्यांच्या दांड्या, ज्यांवर आईच्या विटलेल्या इरकलीचे पडदे असायचे. मोहटादेवीचा फोटो लावायला दादांनी पाडलेली दोन भोकं. ती भरून घ्यायची. मी कारण विचारलं. "हे सगळं नंतरचं आहे," काका म्हणाले.

मला राग आला. एरवी मी रागाचासुद्धा विनोद करून टाकतो, या वेळी जमलं नाही. त्या गाडीतलं नंतरचं म्हणजे आम्ही. कुर्ल्याच्या फाटकातून ती बाहेर पडली तेव्हा तिच्यात आई नव्हती, उलटी होऊ नये म्हणून तोंडात लिंबाची फोड धरलेली माझी बहीण नव्हती, मी नव्हतो. असली रिकामी गाडी परत मिळवायला मी का पैसे घालू?

त्यातच मिस्त्रींनी डिकी रिकामी केली आणि एक काळा दगड हातात घेऊन विचारलं, "फेकू का?"

तो आमचा हँडब्रेक. मूळचा कधी धरतच नसे. मढीला कानिफनाथांच्या यात्रेला जाताना करंजी घाटात गाडी तापली, की दादा पायानं ब्रेक दाबून ओरडायचे, "दगड!" आणि मी मागच्या दारातून उडी मारून तो चाकामागे लावायचो. आई, बहीण, आजी, शिदोरीचा डबा, सगळं त्या वेळी माझ्या भरवशावर. पुढे मी नोकरीत साहेब झालो, सोसायटीचा चेअरमन झालो, पण इतक्या वजनाची गोष्ट माझ्यामुळे जागेवर थांबली, असं परत घडलं नाही. दादांनी हँडब्रेक शेवटपर्यंत दुरुस्त केला नाही. पैशाचा प्रश्न असेल. विचारलं की म्हणत, "तू आहेस की."

वही आता सुधारून लिहिली आहे. एसी गेला, डिस्क ब्रेक गेले. पंखा राहणार, भोकं राहणार. खालचा पत्रा नवा, कारण त्याशिवाय गाडी पायांनी पळवावी लागेल, असं मिस्त्री म्हणाले. हँडब्रेकपुढे काकांनी 'मूळचा ठेवणे' असं लिहिलंय. मी खाली सही केली आहे. दोघांच्या मनात एकच वस्तू आहे असं नाही.

हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियमांचा कागद मागितला. व्हीएची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यालाच मुभा. "रॅली कधीतरी एखादी," ही म्हणाली, "आणि संशोधन तुमच्यानं व्हायचं नाही. मग जायचं कुठे?"

पेट्रोल भरायला. कुठल्या पंपावर भरायचं हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचलंय. सावेडीत फार गर्दी असते. करंजी घाटापलीकडे, पाथर्डीच्या अंगाला पंप कसे मोकळे असतात. सगळ्यांनीच जाऊ, डबा घेऊन. मुलीला मागे, दाराशी बसवायचं आणि दगड तिच्या पायाशी ठेवायचा. तिला काम समजावून सांगितलंय. मी मढीच्या रेवड्यांवर सौदा तोडायला बघतोय, ती नव्या मोबाइलवर अडून बसली आहे.