खरेदी विभागाच्या सेवेशी, इमेजिंगच्या टेबलावरून

मा. खरेदी विभाग प्रमुख यांस,


नवे लॅपटॉप पोहोचले. खोकी मोजून घेतली, चलनावर सही केली आणि प्रत्येक खोक्यासोबत आलेली मोफत बॅग पाहून आमच्या विभागाला गहिवरून आले. चेन मजबूत आहे, कप्पे तीन आहेत, आतून मऊ अस्तरही आहे. असली बॅग विक्रेत्याकडून फुकटात काढून घेणे सगळ्यांनाच जमत नाही. लेखा विभाग म्हणे आपला सत्कार करणार आहे. त्यात डेस्कटॉप सपोर्टचाही एक हार असावा, म्हणून हे अनावृत पत्र.

मुळात ज्या मुहूर्तावर आपण ही खरेदी केलीत, त्यालाच दाद द्यायला हवी. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटणार, हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, हे २०२१ पासून जगजाहीर होते. तरी आपण घाई केली नाहीत. मार्च उजाडू दिलात, टार्गेटपायी विक्रेत्याचा जीव कासावीस होऊ दिलात आणि मग भाव पाडलात. माल आला तो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. ३१ तारखेपर्यंत यंत्रे वापरात आली नाहीत तर या वर्षीचा घसारा हातचा जातो. वापराचे १८० दिवस भरत नाहीत म्हणून संगणकांवरचा ४० टक्के घसारा २० वर येतो, ते वेगळेच. पण ते २० तरी कंपनीच्या पदरात पडावेत यासाठी आम्ही रात्रपाळी लावली. चहाचे आमचे आम्ही पाहिले.

फोनवर आपण धीर दिलात, ‘‘तुमची ती इमेज तयारच आहे ना? मारून टाका सगळ्यांवर. बटणच तर दाबायचंय.’’

साहेब, इमेज तयार आहे. एक यंत्र घ्यायचे, त्यावर कोरे विंडोज टाकायचे, अपडेट, अँटिव्हायरस, व्हीपीएन, ऑफिस बसवायचे, मग सिसप्रेप चालवून त्या यंत्राची स्वतःची ओळख पुसायची आणि जे उरेल त्याची एक डब्ल्यूआयएम फाइल करून ठेवायची. तीच बाकीच्यांवर उतरवायची. सिसप्रेपही सरळ चालत नाही. स्टोअरमधले एखादे ॲप एकाच युजरपुरते बसलेले सापडले की ते हटून बसते, आणि का रुसले हे कळायला पँथर नावाच्या फोल्डरातला लॉग वाचावा लागतो. असो, ते आमचे घरचे दुखणे.

आमच्या आधीच्या पिढीने हेच काम घोस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने केले. १९९५ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मरे हॅझर्ड यांनी ते तयार केले, १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतले, आणि आपल्याकडे सायबर कॅफेपासून बँकेपर्यंत ‘घोस्ट मारला का?’ असे विचारले जाऊ लागले. तेव्हा डिस्कची हुबेहूब नक्कल उतरायची आणि यंत्र जरा वेगळे निघाले की निळा पडदा. व्हिस्टापासून इमेज फाइलींची झाली आणि तीच इमेज वेगवेगळ्या यंत्रांवर चालू लागली. अट एकच, त्या यंत्रांचे ड्रायव्हर हाताशी हवेत. आपल्या व्यवहारचातुर्याशी आमची गाठ पडते ती इथे.

एकाच मॉडेलचा एवढा साठा मिळेना, म्हणून आपण तीन मॉडेलांची मोट बांधून सवलतीचा टप्पा गाठलात. पहिल्या मॉडेलचे ड्रायव्हर आमच्याकडे होते. दुसऱ्यात विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. डिस्क होती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि त्याचा ड्रायव्हर हाती दिल्याशिवाय इन्स्टॉलर तिला ओळख दाखवत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केले तर दिसते. मात्र पुढे कोणी ते परत चालू केले की विंडोज बूट व्हायला नकार देऊ शकते. तिसरे मॉडेल आपण आमच्या प्रशिक्षणासाठीच आणले असावे. बाहेरून सगळी सारखी, मॉडेल क्रमांक तोच, आणि आत काहींमध्ये एका कंपनीचे वायफाय कार्ड, काहींमध्ये दुसरीचे.

घरगुती मालिकेत हे खपून जाते, कारण घरात लॅपटॉप एकच असतो आणि त्याला शेजाऱ्याच्या वायफाय कार्डाशी जुळवून घ्यायचे नसते. ‘व्यावसायिक मालिका इतकी महाग का?’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे. इंटेलची एसआयपीपी नावाची योजना याचसाठी आहे. तिच्यात बसणाऱ्या यंत्रांचे मुख्य भाग आणि ड्रायव्हर निदान १५ महिने, किंवा पुढची पिढी येईपर्यंत, बदलू नयेत असा तिचा उद्देश. दहा महिन्यांनी आणखी वीस लॅपटॉप घेतले तर ते आजच्यासारखेच निघावेत, याचे ते जास्तीचे पैसे असतात. आपल्या कोटेशनच्या तक्त्यात याला रकाना नाही. बॅगेला आहे.

आता आपल्या सर्वांत मोठ्या बचतीकडे येतो. प्रोऐवजी आपण विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज घेतलेत. आपल्याकडच्या दुकानांत ही आवृत्ती सर्रास मिळते. तिला भाषा एकच येते, डोमेनमध्ये ती जात नाही आणि ग्रुप पॉलिसी मानत नाही. थोडक्यात, ऑफिसने सांगितलेले काहीही न ऐकण्याची तिला मुभा आहे. स्वभावाने ती कन्सल्टंटच म्हणायची. आमची इमेज प्रोची. इथे कळते की लायसन्सची की कारखान्यातच मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये घातलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या मूळ पेन ड्राइव्हने बसवायला जावे तर इन्स्टॉलर ती वाचतो आणि कोणाला न विचारता होमच बसवून मोकळा होतो. त्यालाही वळण लावता येते, एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल सोबत ठेवावी लागते. मग प्रो बसते, आणि परवाना नाही म्हणून ‘ॲक्टिव्हेट करा’ असे कोपऱ्यात कुरकुरत राहते. आता प्रत्येक यंत्रासाठी होमवरून प्रोवर जाण्याचा परवाना वेगळा घ्यायचा, आणि तो कारखान्यातून येणाऱ्या प्रोपेक्षा बहुधा महागच पडतो. एंटरप्राइझवर उडी मारावी म्हटले तर व्हॉल्यूम लायसन्सचा तो परवाना प्रोसारख्या आवृत्तीवरच चढतो, होमवर चढत नाही. शिवाय लॅपटॉपसोबत आलेल्या ओईएम लायसन्सवर आपली स्वतःची इमेज उतरवण्याचा हक्कसुद्धा व्हॉल्यूम लायसन्सच्या ग्राहकालाच आहे. हे आम्ही धाक दाखवायला लिहीत नाही. तो ऑडिटवाले दाखवतील.

आमची रड ऐकून आपण एक उपायही सुचवलात, की एका चालू लॅपटॉपची डिस्क तशीच्या तशी बाकीच्यांवर कॉपी करा. तो आम्ही आदराने बाजूला ठेवला आहे. अगदीच टाकाऊ होता असे नाही. यंत्राचा अंतर्गत ओळख क्रमांक, म्हणजे एसआयडी, दोन यंत्रांना सारखा असला तरी सहसा काही बिघडत नाही, असे मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी २००९ मध्ये लिहिले आणि तो क्रमांक बदलून देणारे स्वतःचेच न्यूएसआयडी हे साधन मोडीत काढले. सिसप्रेप चालवा असे तेव्हाही अधिकृतपणे सांगितले जातच होते, पण कंटाळलेल्या माणसाला निमित्त पुरते. पुढे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या विंडोज ११ च्या अपडेटांनी एसआयडीची तपासणी कडक केली, आणि जुळ्या यंत्रांना एकमेकांच्या शेअर फोल्डरांत, रिमोट डेस्कटॉपवर लॉगिन नाकारले जाऊ लागले. सोळा वर्षांची उधारी एकदम वसूल झाली.

लॅपटॉप देखणे आहेत, पातळ आहेत, आणि म्हणून त्यांना लॅनचे भोक नाही. नेटवर्कवरून इमेज उतरवायची तर पीएक्सई बूट लागते, ते वायरीवर चालते. लॅनचे डाँगल मागितले तेव्हा आपण ‘सध्या एकावर भागवा’ असा शेरा मारलात. भागवले. डिप्लॉयमेंट सर्व्हर यंत्र ओळखतो ते मॅक ॲड्रेसवरून, आणि मॅक ॲड्रेस डाँगलचा. त्यामुळे त्याच्या लेखी रात्रभर एकच हावरट लॅपटॉप येऊन पुन्हा पुन्हा इमेज मागत होता. डाँगल लावले तरी लॅपटॉपने स्वतःचाच पत्ता सांगावा अशी पासथ्रूची सोय असते. कोणत्या मालिकांत असते, हे आता आपण ओळखलेच असेल. पेन ड्राइव्हकडे वळावे तर यूईएफआय बूटसाठी तो फॅट३२ लागतो, फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि आमची इमेज त्याहून कितीतरी जाड. तुकडे करावे लागले.

जाड का, याचा दोष मात्र आपल्याला देता येणार नाही. लेखा विभागाला टॅली आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनांचे सगळे ड्रायव्हर झाडून सर्व यंत्रांवर हवेत, कारण सही ऐनवेळी कोणाच्या लॅपटॉपवरून होईल ते ठरलेले नसते. प्रशासनाला जुन्या मराठी फॉन्टची अख्खी थैली हवी, कारण परिपत्रकाचा नमुना त्यातच आहे. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आयता मिळतो, हे सांगून पाहिले. खरे तर इमेज सडसडीत ठेवावी, विंडोज आणि अपडेट एवढीच, आणि ज्याचे जे असेल ते त्याला मागाहून पाठवावे. तसे केले की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी व्हीपी ‘माझं ॲक्रोबॅट कुठाय?’ म्हणत टेबलाशी उभे राहतात. स्टँडर्ड इमेज ही कंपनीत कोणाचे किती चालते याची नोंदवही झाली आहे. तीत भर पडते. खोडलेले काही आजवर पाहिले नाही.

‘लॅपटॉपवर विंडोज येतेच, मग ते पुसून पुन्हा तेच का टाकता?’ असाही आपला एक प्रश्न होता. कारण कारखान्यातून विंडोज एकटे येत नाही. सोबत अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती येते, खेळ येतात, आणि क्वचित यांपेक्षा आगाऊ पाहुणेही. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही घरगुती मॉडेलांवर सुपरफिश नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर बसवून आले होते. ते स्वतःचे रूट सर्टिफिकेट घालून ग्राहक आणि त्याची सुरक्षित वेबसाइट यांच्या मधोमध बसे, आणि सगळ्या लॅपटॉपांवर त्याची खासगी की एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती बाहेर काढून दाखवली गेली. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन आणि ३२ राज्यांशी तडजोड व्हायला २०१७ उजाडले. लेनोवोच्याच व्यावसायिक मालिकेतल्या थिंकपॅडवर ते नव्हते.

राहता राहिले आपल्या टेबलावरचे ‘झिरो टच’चे माहितीपत्रक. त्यातले मायक्रोसॉफ्टचे ऑटोपायलट २०१७ पासून आहे आणि सोय खरोखर चांगली आहे. लॅपटॉप विक्रेत्याकडून थेट कर्मचाऱ्याच्या घरी जातो, मग ते घर कोल्हापुरात असो की नागपुरात. त्याने वायफाय जोडायचे, ऑफिसचा मेल टाकायचा, आणि यंत्र आपले आपण कंपनीचे होते. इमेज मारावीच लागत नाही. त्यासाठी प्रत्येक यंत्राचा हार्डवेअर हॅश आधी कंपनीच्या खात्यात नोंदवलेला हवा. विक्रेता तो नोंदवून देऊ शकतो, फक्त पर्चेस ऑर्डरमध्ये तशी ओळ लागते. आपल्या ऑर्डरमध्ये बॅगेचा रंग लिहिलेला आहे. आता झिरो टच करायचे तर प्रत्येक खोके उघडा, लॅपटॉप चालू करा, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून हॅश काढा, खोके पुन्हा चिकटवा. आणि एवढे करून होम आवृत्तीला ऑटोपायलट चालत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोटेशन मागवण्याआधी दहा मिनिटे आमच्याकडे यावे. एक मॉडेल, तेही व्यावसायिक मालिकेतले, त्यात प्रो, हॅशची नोंद विक्रेत्याकडे, आणि डाँगल पुरेसे. एवढे ऑर्डरमध्ये चढले की इमेज तिथेच अर्धी तयार होते, आमच्या टेबलावर नुसती उतरते. बॅग नसली तरी कर्मचारी समजून घेतील.

आपले नम्र,
डेस्कटॉप सपोर्ट, रात्रपाळी

ता. क. आपण स्वतःसाठी मॅकबुक मागवल्याचे आजच कळले. अभिनंदन. ॲपलच्या हल्लीच्या यंत्रांवर आमच्यासारखी इमेज उतरवायची पद्धत राहिलेली नाही. ते ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलवर नोंदवून ताब्यात घ्यावे लागते, आणि अधिकृत विक्रेत्याकडून कंपनीच्या नावे घेतले तर ती नोंद खरेदीबरोबरच होते. आपण ते ऑनलाइन सेलमध्ये घेतले असल्याने ती झालेली नाही. मागाहूनही करता येते, फक्त त्याआधी यंत्र पूर्ण पुसावे लागते. आपण त्यात फोटो टाकायला सुरुवात केली असेल तर कृपया कळवावे.