नव्या गुरुजींचा संघटनाप्रवेश (शिरूर आवृत्ती)

नेमणुकीचा आदेश घेऊन शिरूर पंचायत समितीत हजर व्हायला गेलात की साहेबांच्या आधी शिक्षक संघटनांचे पदाधिकारी भेटतील. चहा सांगतील. प्या. पावती मात्र लगेच फाडू नका. शिक्षक संघाचा एक, शिक्षक समितीचा एक आणि ‘मूळ संघ आमचाच’ म्हणणाऱ्यांचा एक, असे तीन चहा होऊ द्यात. शिक्षणसेवकाच्या 16,000 मानधनातून वर्गणी जायची आहे.

मग विचारा, “शेवटचं निवेदन कशाबद्दल दिलं होतं?” समोरच्यानं मोबाईल काढून साहेबांना शाल-नारळ देतानाचा फोटो दाखवला, तर चहाबद्दल आभार मानून उठा. पिशवीतून आवक-शिक्का मारलेली, घड्या पडलेली पोच निघाली, तर खुशाल पावती फाडा. डायरी आणि कॅलेंडर कोणतीही संघटना देते.

आता हक्क. संघटना बांधायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे. संपाचा मूलभूत हक्क सरकारी कर्मचाऱ्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये सांगितलं. तरी मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर आठवडाभर संप झालाच, हे चहावाले सांगतीलच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 पाठ करा: जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम नाही. कुणी फोनवरून भलतंच सर्वेक्षण सोपवलं, तर “सर, लेखी आदेश मिळेल का?” एवढंच नम्रपणे विचारा. पलीकडचा आवाज एकदम मऊ होतो. मतदारयादीच्या कामावर हे कलम फेकायला जाऊ नका, ते निवडणुकीत बसतं.

खाजगी शाळेत असाल तर 1977 चा सेवाशर्तींचा कायदा तुमचा. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवस असतात. त्यातले बरेचसे आपले लोक संस्थाचालकांच्या मेहुण्याला गाठण्यात घालवतात. रांजणगाव एमआयडीसीतल्या भावाचा कामगार कायदा उसना मागू नका. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात 1988 मध्येच ठरलंय, की शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नाही. भाऊ हसेल, हसू द्या.

शेवटी शिक्षकांची पतसंस्था. निवडणूक लागली की दोन्ही पॅनेलना तुमचा वाढदिवस आठवतो. मत कुणालाही द्या. पण कुणी कर्जाला जामीन राहा म्हणालं, तर तिथं कुठलंच कलम कामाला येत नाही. “घरी विचारून सांगतो” म्हणा आणि गाडीला किक मारा.