हंगाम नव्वद मिनिटांचा

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचा ‘बिग टेन’ नावाचा गट आहे. नाव दहाचं, विद्यापीठं अठरा! (ज्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, तिथं मोजणीबद्दल काय बोलायचं?) शनिवारी सामने झाले की रविवारी घरोघरी जय-पराजयाच्या तक्त्याचा काथ्याकूट. म्हटलं, वर्धा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचाही तक्ता छापू. रकाने आखले आणि तिथंच अडलो.

आपल्याकडे नागपूर विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. पद्धत बाद. सोळा संघ उतरले, तर आठांचा हंगाम पहिल्याच सामन्यात आटोपतो. वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर, जाऊन-येऊन दीडशे. नव्वद मिनिटं खेळून हरलात, तर मिनिटामागे दीड किलोमीटरहून जास्त प्रवास पडतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी दारू मिळते. फुटबॉलवर बंदी नाही, पण काळ्या मातीच्या भेगा चुकवत दुसरा सामना खेळायला मिळेल तर शपथ.

गेल्या हंगामातला एक संघ डोळ्यांसमोर आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पोट्ट्यांचा काही दोष नव्हता. अंगात कबड्डीच्या जर्सी, त्यातल्या दोघांच्या पाठीवर एकच नंबर. सर गोरसपाकाचा पुडा फोडत माणसं मोजत होते. सात भरले. नियमानं सात असले की सामना सुरू होतो, म्हणून सर खुशीत.

“बॉलमंदी हवा भरली का रे?”

“पंप आणला सर, पिन घरीच राह्यली.”

पिनेची गरजच पडली नाही. समोरचा संघ आला तो सहा जणांचा. सातवा म्हणे गाडीत झोपला आणि पुढच्या स्टेशनावर गेला. पंचांनी घड्याळ पाहिलं, वाट पाहिली, शिटी वाजवली. आमच्या संघाला पुढे चाल!

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर रंगीत खडूनं ‘दणदणीत विजय, पुढील फेरीत धडक’. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, खेळाडूंबरोबर खुर्चीवर बसून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो झाले. पुढच्या फेरीच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा निघाली आणि संघ गेलाच नाही. तिथं समोरच्यांना पुढे चाल.

तेव्हा तक्त्यातली एक ओळ तरी खात्रीनं भरता येते. खेळले ०, जिंकले १, हरले १, केलेले गोल ०, खाल्लेले गोल ०, सत्कार १.