दिवाणजींचा अन्नत्याग

हॅरो, लंडन
कार्तिक वद्य पक्ष

तीर्थरूप दादांचे चरणी धाकट्याचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दूरध्वनीवर सर्व वर्तमान कळत असताना पत्राचा खटाटोप कशासाठी, असे चिरंजीव मला विचारतो. परंतु त्या दूरध्वनीवर सौ. वहिनींनी एकामागून एक सुचविलेल्या उपायांना नुसते ‘हूं’ म्हणण्यापलीकडे मला अवसर मिळाला नाही, आणि ते उपाय अमलात का आले नाहीत याचा खुलासा लेखी सादर केल्यावाचून, उपनगर जिल्ह्याच्या कचेरीत अव्वल कारकुनी केलेल्या माणसाला रात्री झोप लागणे कठीण आहे.

प्रकरण आमच्या सशाचे. नातीच्या हट्टापायी घरात रुजू झालेला हा करडा, लोंबत्या कानांचा गृहस्थ हाती लागेल तो कागद कुरतडतो आणि कुरतडताना मुद्रा इतकी गंभीर ठेवतो, की त्याचे नाव मी ‘दिवाणजी’ ठेवले तेव्हा घरातून एकही हरकत आली नाही. या दिवाणजींच्या दुखण्याचे मूळ इंग्लंडच्या इतिहासात आहे. १६०५ साली गाय फॉक्स व त्याच्या साथीदारांनी पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपे रचून राजासकट सर्वांना उडवून देण्याचा कट केला, तो ऐन वेळी उघडकीस आला, आणि त्याप्रीत्यर्थ हे लोक अद्यापि दर ५ नोव्हेंबरला दारूकाम करतात. यंदा आपली दिवाळी त्याच सुमारास आल्यामुळे दोन्ही धर्मांचे बाण आमच्या परसदारावर एकाच आठवड्यात फुटले. तिकडे आपल्या सांताक्रूझच्या वाकोल्यात डोक्यावरून विमाने आणि पुलावरून भोंगे अष्टौप्रहर चालू असताना आपली मांजर जिन्यात निवांत झोपते. सशाची जात मात्र मुळातच भित्री, आणि भय वाटले की त्याची आतडी कामबंद पुकारतात. सकाळी पाहतो तो गवताला तोंड लावलेले नाही, कोपऱ्यात अंग चोरून दात करकर वाजविणे चालू, आणि पेटीत, क्षमा असावी, लेंडी एकही नाही.

सौ. वहिनींचा पहिला हुकूम लंघनाचा होता. आपल्या घरात पोट बिघडले की एक वेळ उपाशी ठेवायचे, मग मऊ भात, मग हळूच ताक, ही वहिवाट तीन पिढ्यांची. परंतु येथील पशुवैद्यबाईंच्या मते सशाच्या बाबतीत उपास हाच रोग होय. ससा ओकू शकत नाही; आत गेलेले पुढे सरकले पाहिजे, आणि ते सरकण्यासाठी मागून गवताचे लांब तंतू सतत येत राहिले पाहिजेत. खाणे थांबले की आतडी थांबतात, आतडी थांबली की वायू कोंडतो, वायू कोंडला की वेदना होतात, आणि वेदनेमुळे खाणे आणखीच नकोसे वाटते. म्हणून बारा तास ससा जेवला नाही तर रात्रीबेरात्री दवाखाना उघडावयास लावावा, असा येथील शिरस्ता आहे. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावण्याच्या सूचनेविषयी एवढेच निवेदन करतो, की त्या घनदाट लोकरीत दिवाणजींची बेंबी आम्हांस सापडली नाही. कान तापलेले वाटतात म्हणून सूनबाईने काढलेले ज्वराचे निदानही टिकले नाही, कारण साडेअडतीस ते चाळीस अंश ही सशाची नेहमीचीच उष्णता. अंग थंड पडू लागले तर घाबरावे.

बाईंनी आधी तोंड उघडून अठ्ठावीस दात तपासले. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर दाढांना धारदार टोके येतात, जीभ व गाल सोलवटतात, आणि आपण पोटाला दोष देत बसतो. मग नळीने पोटाची गुरगुर ऐकली, क्ष-किरणांनी कोठे अडसर नाही याची खात्री केली, कारण अडसर असता बळेच भरविणे जिवावर बेतते. आणि त्यानंतरच वेदनाशामक व आतडी चाळविणारे औषध देऊन कातडीखाली पाणी टोचले. घरी आल्यावर गवताची पूड पाण्यात कालवून ती बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेतून थोडी थोडी भरविण्याचे काम मजकडे आले. आईचे मऊ नऊवारी लुगडे मी येथे आणले होते, त्यात दिवाणजींना तान्ह्या बाळासारखे आवळून गुंडाळतो. तरी पहिला घोट नेहमी माझ्या चष्म्यावर येतो. नातीने बिअट्रिक्स पॉटरच्या १९०२ सालच्या गोष्टीचा दाखला काढून, त्यातल्या सशाची आई त्याला कॅमोमाइलचा काढा पाजते तसा आपणही पाजावा, असा ठराव मांडला होता. तो दफ्तरी दाखल करण्यात आला.

आता पुढील मजकूर आपण एकट्यानेच वाचावा. सोवळ्यातल्या वहिनींना वाचून दाखवू नये. ससा दोन प्रकारचे मलविसर्जन करतो. एक कोरड्या, गोल लेंड्या, ज्या आपणांस दिसतात. दुसरे मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसाप्रमाणे चिकटलेले, जे तो थेट आपल्या बुडाशी तोंड नेऊन गिळून टाकतो. हा गलिच्छपणा नव्हे. गवतातले सत्त्व काढण्याचे काम त्याच्या आंधळ्या आतड्यातले सूक्ष्म जंतू करतात, ते आतडे जठराच्या पुढे, जवळजवळ शेवटी. तेव्हा तेथे तयार झालेली जीवनसत्त्वे व प्रथिने पदरात पाडून घ्यावयाची तर तो माल पुन्हा वरून आत घालावा लागतो. साखर व पीठ जास्त झाले की हे जंतू बिघडतात. आपल्या शाळेतल्या तक्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या हाती दिलेले गाजर बाईंनी याच कारणास्तव खाऊ म्हणून अधूनमधून तुकडाभरच मंजूर केले, आणि बिस्किटे साफ नामंजूर.

मी एक नोंदवही घातली. वेळ, गवत, पाणी, औषध, लेंडी (आकारमानासह) व शेरा असे रकाने. बाईंनी ती पाहून अशी शिस्त या देशातही क्वचित पाहावयास मिळते असे उद्गार काढले, जे मी चिरंजीवास भाषांतर करून पुन्हा एकदा सांगितले. चिरंजीव कचेरीतून फोन करतो तो आईवडिलांचे कुशल विचारण्यासाठी नव्हे, त्याचा एकच सवाल, “पडली का?”

अखेर ती पडली त्या संध्याकाळी सूनबाई महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमास गेलेली होती. हे मंडळ १९३२ सालचे. त्याने आजवर अनेक सुवार्ता ऐकल्या असतील. माझा निरोप मिळताच ती भर सभेत “झाली, झाली!” म्हणून उठली, शेजारच्या भगिनींनी तिला मिठ्या मारून मुलगा की मुलगी असे विचारले, आणि तिने आनंदाच्या भरात “अगदी बारीक आहे हो, पण एकदाची झाली!” असे उत्तर दिले. खुलासा होईपर्यंत दोघीतिघींनी बारशाचे आमंत्रण गृहीत धरले होते.

यशाचे श्रेय औषधांस आहेच. पण दिवाणजींनी स्वतः होऊन पहिला घास घेतला तो कोथिंबिरीचा. तीव्र वासाचा पाला नाकाशी धरावा, असे बाईंनीच सुचविले होते. वाकोल्याच्या बाजारात भाजीवाली पिशवीत वरून फुकट टाकते तीच कोथिंबीर आम्ही वेंब्लीच्या ईलिंग रोडवरून रोख पैसे मोजून आणतो, आणि पोह्यांवर भुरभुरविण्याआधी ती दिवाणजींपुढे ठेवावी लागते. औषधपाण्याच्या खर्चाचा आकडा आपणांस कळवीत नाही. या देशात १९४८ पासून माणसाचा इलाज सरकारी खर्चाने होतो; सशास ती सवलत नाही. बिल पाहून मला एकदम परळचे बैलघोड्याचे इस्पितळ आठवले, जेथे आपण दोघे मांजरीला पिशवीत घालून सांताक्रूझहून एल्फिन्स्टन रोडपर्यंत लोकलने नेत होतो आणि डब्यातील प्रत्येक उतारू तिच्या प्रकृतीविषयी मोफत सल्ला देत होता.

आता नवे प्रकरण. ससा एकटा राहिला की झुरतो, सबब दिवाणजींसाठी जोडीदारीण पाहावी, असे बाईंचे मत पडले. एका अनाथ सशांच्या संस्थेकडे स्थळ आहे: वर्ण पांढरा, शस्त्रक्रिया झालेली, लसी टोचलेल्या, स्वभाव किंचित तापट. येथे प्राण्यांवरील क्रौर्याचा प्रतिबंध करणारी मंडळी १८२४ साली निघाली आणि मुलांसाठीची तिच्यानंतर साठ वर्षांनी, तेव्हा मुलगी देण्यापूर्वी ही माणसे घर किती बारकाईने पाहतात याची कल्पना यावी. पिंजऱ्याची लांबीरुंदी, परसाचे कुंपण, गवताचा साठा, सर्वाची चौकशी होईल. मग मुलामुलीला तटस्थ जागेत एकत्र बसवून, चावाचावी न झाल्यास होकार. शनिवारी मुलीकडची मंडळी येणार आहेत. नोंदवही मी चौरंगावर मांडून ठेवणार आहे. पाहुण्यांस चकली चालेल की केवळ चहा द्यावा, हे सौ. वहिनींनी शुक्रवारपूर्वी अवश्य कळवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला धाकटा