सावकाशीचा सौदा

रिमोटवर चालणारी गाडी विकत घ्यायची आणि ती जास्तीत जास्त सावकाश चालावी म्हणून वर पैसे मोजायचे, हा व्यवहार आमच्या घरात अजून कुणालाही पटलेला नाही. भाच्याला तर त्यात अपमान वाटला. तो सहावीत आहे आणि त्यामुळे घरातला तांत्रिक सल्लागार आहे. त्याने माझ्यासाठी ट्रॅक्ससची एक्सओ-1 शोधून ठेवली होती. ती ताशी 160 किलोमीटरच्या वर पळते. कोथरूडमध्ये खरी गाडी ताशी 20 च्या वर गेली तरी लोक गॅलरीत येऊन बघतात, हे मी त्याला समजावलं.

"मग तुला हवीय ती किती पळते, मामा?"

"माणूस चालतो तेवढी. मनात आलं तर त्याहून हळू."

त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि आत जाऊन आजीला सांगितलं, "मामाला कुणीतरी फसवतंय."

मला हवा होता रॉक क्रॉलर. दगडधोंड्यांवरून, ओहोळातून, झाडांच्या मुळांवरून चढत-उतरत जाणारी, चारही चाकांनी ओढणारी छोटी गाडी. अमेरिकेत लोक खऱ्या जीपा घेऊन हे उद्योग करतात. कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल नावाची एक वाट आहे. वाट म्हणायचं ते सौजन्याने, एरवी ते नुसते दगड आहेत. जीपने आपल्या एका मॉडेलला तिचंच नाव दिलं. इथे पहिला नंबर कुणाचा, हे सहसा कुणी विचारत नाही. गाडी कातळावर तिरकी चढलेली असते, एक चाक हवेत असतं आणि चालवणारा पुढचं एक इंच कसं जायचं याचा विचार करत उभा असतो. हे आपल्या स्वभावाला मानवेल, असं मला वाटलं. मी आयुष्यात कुठेही पहिला पोहोचलेलो नाही. पण अडकल्या जागी विचार करत उभं राहण्याचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे. मी बँकेत नोकरी केली आहे.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मग बैलगाडीच घे की. निदान माणसं तरी बसतील."

हे खेळणं आहे का, यावर घरात दोन तट पडले. एका बाजूला बायको आणि भारत सरकार. सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. दुसऱ्या बाजूला मी आणि खोकं. असल्या बऱ्याच गाड्यांच्या खोक्यांवर 'वय 14 आणि पुढे' असं छापलेलं असतं. "चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये इतकं हे गंभीर प्रकरण आहे," मी म्हणालो.

"अगं बाई," बायको म्हणाली, "मग तुमचं कसं व्हायचं?"

निवडीतला खरा झगडा आकाराचा असतो. बाकीचं सगळं नंतर बदलता येतं, आकार बदलता येत नाही. या दुनियेत मापं अपूर्णांकात बोलतात. 1/10 म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. ट्रॅक्ससची टीआरएक्स-4 ही 2017 मध्ये आलेली गाडी या मापातली. लँड रोव्हर डिफेंडरचं रूप घेतलं की तिच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतरच 324 मिलिमीटर, आणि एकूण लांबी दोन फुटांच्या जवळपास. दूरच्या दूर बसून डिफरन्शियल लॉक करता येतात, गिअर बदलता येतो, पोर्टल अॅक्सलमुळे पोट जमिनीपासून उंच राहतं. फोटो बघून मी विरघळलोच होतो. बायकोने एकच प्रश्न विचारला, "राहणार कुठे ती?" हाच प्रश्न तिने माझ्या मावसभावाबद्दलही विचारला होता, आणि तो शेवटी हॉस्टेलवर राहिला.

दुसऱ्या टोकाला 1/24. अॅक्सियलची एससीएक्स-24 तळहातावर मावते. तिचा मोठा गुण असा की पावसाळ्यात घराबाहेर पडावं लागत नाही. दिवाणावरचे लोड, पायपुसण्याची गुंडाळी, स्वयंपाकघरातला पाटा, एवढ्यात सह्याद्री उभा राहतो. आमच्याकडे मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. त्यांच्या जाडीचा कुणाला तरी उपयोग व्हावा, ही माझी फार जुनी इच्छा. पण टेकडीवर गेलं की या मापाची अडचण कळते. गाडी लहान केली तरी गवत लहान होत नाही. पावसानंतर उगवलेलं साधं गवत या गाडीला जंगल ठरतं, आणि खडीचा एकेक तुकडा म्हणजे चढायचा कातळ. शिवाय वजन इतकं कमी की जरा तिरकी झाली की कोलांटी.

मधल्या 1/18 मापाकडे मी कसा आलो ते सांगण्याआधी मोटरबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझा जीव तिथे सगळ्यात जास्त रमला. ब्रश असलेल्या मोटरच्या आर्मेचरवर तारेचे वेढे असतात. 35 वेढ्यांची मोटर असते, 55 ची असते. वेढे वाढले की फिरण्याचा वेग कमी होतो आणि जोर नीट, बेताबेताने हाताशी येतो. म्हणजे या बाजारात जितका मोठा आकडा तितकी हळू गाडी. भाच्याला मी हे अभिमानाने सांगितलं. बाकी जगात मोठ्या आकड्याला मान असतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, इथेही आहे, फक्त दिशा उलटी. त्याच्या शाळेतल्या पदार्थविज्ञानाला याचा काही उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही, पण त्या दिवसापासून तो मला उत्तरं देताना जरा सांभाळून बोलतो.

डिफरन्शियलचंही तसंच. आपल्या खऱ्या गाडीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ती सोय डिफरन्शियलमुळे होते. पण एक चाक हवेत लटकलं की सगळी ताकद त्याच बिनकामाच्या चाकाकडे जाते आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. (सहकारी सोसायटीच्या कार्यकारिणीत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) म्हणून क्रॉलरमध्ये दोन्ही चाकं सरळ एकमेकांना जखडून टाकतात. एक हवेत असो, दुसरं खेचत राहतं. किंमत अशी की गाडी झटकन वळत नाही. मोठा वळसा घेते, पुन्हा मागे येते, पुन्हा पुढे. आमच्या पार्किंगमध्ये माझी खरी गाडी काढतानाही हेच होतं, त्यामुळे मला यात उणेपणा दिसला नाही.

गाडी तयार घ्यावी की सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडावी, यावर जाणकारांत बरीच वर्षं वाद चालू आहेत. माझं मत: पहिली गाडी तयारच घ्यावी. संच जोडण्यात आनंद असेल, पण त्यात बहुधा मोटर, स्पीड कंट्रोलर, चाकं वळवणारा सर्व्हो, रेडिओ, बॅटरी हे सगळं वेगळं घ्यावं लागतं, आणि हे सगळं एकेक करून घरात येताना घरचे बघत असतात. तयार गाडीचं एकच खोकं येतं. एकच प्रश्न, एकच उत्तर.

बॅटरीने मात्र घरातलं वातावरण बदललं. लिथियम पॉलिमरच्या प्रत्येक सेलला 4.2 व्होल्टच्या वर चढवायचं नाही, 3 च्या खाली उतरू द्यायचं नाही, आणि वापरणार नसाल तेव्हा 3.8 च्या आसपास ठेवून द्यायचं. चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही. बायकोला हे नियम एकदम आवडले. "गॅस बंद केला का" आणि "इस्त्रीची पिन काढली का" या जोडीला तिसरा प्रश्न आला. तिच्या दृष्टीने एवढी काळजी लागणारी वस्तू खेळणं असूच शकत नव्हती, आणि इथे सरकारच्या बाजूचं एक मत फुटलं.

मग पितळेचं प्रकरण निघालं. क्रॉलर उलटू नये म्हणून वजन खाली आणि जरा पुढे हवं. त्यासाठी हौशी लोक पुढच्या चाकांजवळचे प्लॅस्टिकचे भाग काढून पितळी बसवतात. बोटाच्या पेराएवढा पितळेचा तुकडा, आणि किंमत ऐकून सराफाची आठवण व्हावी. हे मी जेवताना बोललो, ते मात्र जपून बोलायला हवं होतं, कारण आमच्या माळ्यावर आजीच्या काळातली पितळी भांडी आहेत: दोन घंगाळी, एक हंडा, न कल्हई केलेली पातेली. आईने चमचा खाली ठेवला. "त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. मी घंगाळं वितळवून जीपला लावणार आहे, हे तिने गृहीतच धरलं. तेव्हापासून माळ्याची शिडी तिच्या खोलीत असते.

गंमत अशी की हेच लोक वजन खाली नेण्यासाठी पितळ लावतात आणि मग टपावर सामान रचतात. छोटे जेरीकॅन, इवलंसं फावडं, दोरखंड, जादा टायर, कधीकधी आत बसवलेला टोपीवाला ड्रायव्हर. खाली उतरवलेलं वजन अशा तऱ्हेने वर चढतं. पण मला त्यांचं म्हणणं समजतं. गाडी कुठेतरी निघाली आहे, असं वाटायला हवं. माझ्या मनातली बॉडी मला कुठे दिसली नाही: काळी-पिवळी वडाप जीप, आत कोंबलेली माणसं, मागे लोंबकळणारे दोघे आणि टपावर कोंबड्यांची डालगी. घाटातल्या कच्च्या वाटांचा अनुभव बघता, क्रॉलर म्हणून तिच्याइतकी लायक गाडी दुसरी नसेल. डिफेंडर, ब्रॉन्को, रॅंगलर यांनी एवढी माणसं कधी वाहिली आहेत?

शेवटचा निर्णय एका दुकानदारामुळे झाला. मी सर्व्होचा टॉर्क किती, सस्पेन्शन कसलं, टायर किती मऊ, असं विचारत होतो. त्याने खास पुणेरी सवडीने चष्मा पुसला. "ते सगळं ठीक आहे. मोडणार हे धरून चला. मोडल्यावर काय काय मिळतं, तेवढं विचारा." विचार करता हेच खरं होतं. 70 टक्के शुल्काच्या जगात बोटभर गिअरसाठी सातासमुद्रापार वाट बघायची असेल, तर गाडीत कितीही करामती असोत, ती कपाटातच राहणार. ज्या गाडीचे आस, गिअर, चाकं, सर्व्हो इथे मिळतात, ती घ्यायची. मी ट्रॅक्ससची टीआरएक्स-4एम घेतली. 2022 मध्ये आलेली, 1/18, डिफेंडरच्या वेशातली. आसांमधलं अंतर 155 मिलिमीटर. टेकडीच्या गवतात ती अगदीच हरवत नाही, विश्वकोशावरही चढते, आणि बुटांच्या कपाटात बुटांची फारशी गैरसोय न करता राहते.

"पहिली गाडी छोटीच घ्यावी म्हणतात," मी घरी आल्यावर सहज म्हणालो.

"पहिली?" बायको म्हणाली.

मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि तिच्यापाशी बसून राहिलो. नियमच आहे तो.

वेताळ टेकडीला पुण्यात बरेच जण एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण देशातल्या मोटारींच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तिथेच आहे. माझी डिफेंडर पहिल्यांदा जमिनीवर टेकली ती या संस्थेच्या शेजारी, म्हणजे तिला पाठबळ कमी नव्हतं. जुन्या खाणीजवळचा काळा बेसॉल्ट उन्हात कोरडा असतो तेव्हा टायर घट्ट धरतो. पावसात शेवाळ आलं की खुद्द वेताळही घसरेल. मी एक बेताचा कातळ निवडला. गाडी अर्ध्यावर गेली आणि थांबली. मीही थांबलो. इतक्यात पहिले काका आले.

खऱ्या रॉक क्रॉलिंगमध्ये स्पॉटर नावाचा माणूस असतो. तो गाडीच्या पुढे उभा राहून ड्रायव्हरला हाताने खुणा करतो, कोणतं चाक कुठे ठेवायचं ते सांगतो. परदेशात अशा माणसाला सोबत न्यावं लागतं. वेताळ टेकडीवर सकाळी सहा ते आठ या वेळात ते आपणहून येतात.

"केवढ्याला?" काकांनी विचारलं. मी निम्मी किंमत सांगितली. आमच्या घरीही तीच सांगितलेली आहे. "स्पीड?" चालण्याएवढा, मी म्हणालो. काकांनी त्यावर काही मत दिलं नाही, पण ते गेलेही नाहीत. "उजवं चाक त्या खाचेत घाला," ते म्हणाले. घातलं. गाडी बोटभर वर सरकली.

"उजवं कशाला?" मागून आणखी एक काका आले, त्यांच्या हातात काठी होती. "डावीकडून काढा. उजवीकडे ढाळ आहे, उलटेल."

"नाही उलटणार. वजन खाली आहे तिचं," पहिले काका म्हणाले. हे त्यांना कसं कळलं ते मला माहीत नाही, पण आत्मविश्वास पुरेसा होता.

"मी पाटबंधारे खात्यात होतो," काठीवाले म्हणाले. "ढाळ मला कळतो."

"मी एसटीत होतो. घाटात."

यावर दोघेही थोडा वेळ गप्प राहिले, कारण दोन्ही दाखले वजनदार होते. तोवर योगासनं करणाऱ्या गटातल्या तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीने, कुणालाही न विचारता, मागे घेऊन जरा तिरकी वळवा आणि मधल्या फटीतून काढा, असं सुचवलं. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला सल्ला तोच होता, म्हणून दोन्ही काकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. मी रिमोटचा ट्रिगर हळूच उलट दाबला.

"मागे घेऊ नका," एसटीवाले ओरडले. "घाटात कुणी मागे घेतं का?"

"घेतात की," काठीवाले म्हणाले. "वर येणाऱ्याला वाट द्यायला. द्या हो इकडे जरा तो रिमोट."