चारित्र्याचा दाखला

बोदवडच्या पोरानं पोलीस भरतीत मैदान मारलं, लेखी परीक्षाही काढली, तरी चारित्र्य पडताळणी उरतेच. जुन्या भांडणातला एखादा गुन्हा निघाला, की घरचे वकिलाकडे धावतात.

हेच बोदवड मुक्ताईनगर विधानसभा मतदारसंघात मोडतं. इथं काय किंवा देशात कुठंही काय, उमेदवाराला प्रलंबित गुन्हे आडवे येत नाहीत. शपथपत्रात नीट लिहिले, म्हणजे झालं! ते पूर्वी लिहावेही लागत नसत. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिहायला लावले.

2020 मध्ये न्यायालयानं पक्षांनाच विचारलं: असाच उमेदवार का? 48 तासांत जाहीर करा. ‘निवडून येतो’ हे कारण चालणार नाही.

तेव्हापासून पक्षांच्या खुलाशांत लोकप्रियतेला आणि समाजसेवेला भलतीच बरकत आली आहे.